मुस्तफा परत येईल, पैसे परत येतील का?

पत्र : ताई, माझं वय ४३. मूळचा सांगलीचा, आता पुण्यात आयटीमध्ये. शाळेत असताना स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळण्यात डब्याचे पैसे उडवले. गेल्या दिवाळीत शाळेतले तिघे मित्र भेटलो आणि ठरवलं, तोच गेम नव्याने करायचा. तीच माणसं, तेच डायनासोर, फक्त चित्रं आजची आणि चौघांना ऑनलाइन खेळता येईल असा. एक जण ॲनिमेशन करतो, एक प्रोग्रामर आहे, मी बाकीचं सांभाळणार. खर्च ३५ लाख काढलाय : लायसन्स १०, चित्रं-ॲनिमेशन १२, संगीत ३, मार्केटिंग ५, किरकोळ ५. माझा वाटा २० लाख. ते फ्लॅटच्या कर्जात भरायला ठेवले होते. तिघांनाही दीड वर्ष नोकरी सोडावी लागेल. बायको एवढंच विचारते, ‘हा गेम विकत कोण घेणार?’ मी म्हणतो, जुन्या गेमचे रीमेक जगभर लाखांनी खपतायत. आमच्यात बरोबर कोण?
— एक कॉइन बाकी, पुणे

उत्तर :

वहिनींनी पाच शब्दांत जे विचारलंय, तेच विचारायची मी सीए म्हणून फी घेते. तेव्हा निकाल आधीच सांगून टाकते. मुस्तफाचा रीमेक करू नका. त्या वळणाचा, पण तुमचा स्वतःचा गेम करायचा असेल तर करा. मात्र वीस लाख घालून नको, आणि नोकरी सोडून तर नकोच.

एक कबुली देते. तुम्ही ज्या पार्लरची आठवण काढलीत, तसल्या पार्लरमध्ये मी आयुष्यात एक डाव खेळलेले नाही. आमच्याकडे मुली तिथे जायच्या नाहीत. मला आई पाठवायची ती दादाला ओढून आणायला. आत अंधार, गुटख्याचा वास, आणि एका मशीनपुढे सहा पोरं : दोन खेळणारी, चार शिकवणारी. दादा मान न वळवता म्हणायचा, ‘थांब, बॉस आलाय.’ मी थांबायचे. घरी गेल्यावर मार त्याला बसायचा, पण उशीर का केलास म्हणून बोलणी मला. त्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाशी माझा हिशेब तेव्हापासूनचा आहे, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

तो गेम म्हणजे कॅपकॉम या कंपनीचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. चार खेळाडूंतला एक मुस्तफा कैरो. पळत येऊन लाथ घालणारा, म्हणून पोरांचा लाडका. आपल्याकडे अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं. पण हा मुस्तफा मुळात कॅपकॉमचा नाहीच. तो, जॅक, हॅना ही सगळी मंडळी मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली. आणि नावातली कॅडिलॅक ही जनरल मोटर्सची. म्हणजे एका कपाटाला तीन कुलपं : गेम एकाचा, पात्रं दुसऱ्याची, गाडीचं नाव तिसऱ्याचं. २०१८ साली कॅपकॉमने आपले जुने मारामारीचे गेम एकत्र करून सात गेमचा एक संच काढला. त्यात ‘फायनल फाइट’ होता, ‘कॅप्टन कमांडो’ होता. मुस्तफा नव्हता. ज्यांनी गेम केला त्यांनीच तो संचात घेतला नाही, आणि तुम्ही लायसन्सपोटी सरळ १० लाख लिहून मोकळे झालात. हा आकडा कुणी दिला? पत्रात कुठल्याही कंपनीच्या उत्तराचा उल्लेख नाही, म्हणून मी धरून चालते की दिवाळीच्या फराळाबरोबर तो तुम्हीच ठरवलात.

‘आधी करू, आवडलं तर कंपनी परवानगी देईल’ असं तुमच्यापैकी एकाच्या तरी मनात असणार. जेफ मिंटर या गेम बनवणाऱ्याचं ऐका. अटारी कंपनीच्या १९८१च्या ‘टेम्पेस्ट’ या गेमचा नवा अवतार ‘टेम्पेस्ट २०००’ त्यानेच १९९४ मध्ये खुद्द अटारीसाठी केला होता, आणि तो गाजला. वीस वर्षांनी त्याने त्याच धर्तीचा ‘टीएक्सके’ स्वतःच्या हिमतीवर काढला. तो दुसऱ्या मशीनवर न्यायची वेळ आली तेव्हा अटारीच्या वकिलांनी अडवलं. पुढे दोघांत समेट झाला आणि २०१८ मध्ये अटारीच्याच नावाखाली ‘टेम्पेस्ट ४०००’ आला. पण मधली वर्षं गेली ती गेलीच. मिंटर हा या क्षेत्रातला बुजुर्ग, त्याची ही गत. तुम्हाला तर पहिल्याच नोटिशीत गुंडाळावं लागेल, आणि तोवर १२ लाखांचं ॲनिमेशन झालेलं असेल.

शिवाय परवाना मिळाला तरी तो भाड्याच्या घरासारखा असतो. सेगा कंपनीचा ‘आउटरन’ हा गाडी पळवायचा गेम नव्या रूपात २००९ साली ऑनलाइन विक्रीला आला. फेरारीचा परवाना संपला तसा दुकानातून गेला. चांगला होता की वाईट, याचा संबंधच नाही.

आता तुमच्या बाजूचं. ‘लाखांनी खपतायत’ हे खोटं नाही. २०२२च्या जूनमध्ये निन्जा कासवांचा ‘श्रेडर्स रिव्हेंज’ आला आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या १० लाख प्रती गेल्या. त्याचे प्रकाशक पॅरिसचे डोटेमू. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ही त्यांचाच. (तो मूळचा पार्लरचा नव्हे, घरच्या सेगा मशीनवरचा, पण घराणं एकच.) जुन्या खेळांना नवं रूप देणं हाच त्यांचा धंदा, आणि २०२१ मध्ये फोकस या फ्रेंच कंपनीने त्यांचा साडेसत्त्याहत्तर टक्के हिस्सा ३ कोटी ८५ लाख युरोला घेतला. या धंद्यात पैसा आहे, यात शंका नाही.

पण ‘श्रेडर्स रिव्हेंज’ आणि ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ ही दोन्ही नावं नीट पाहा. त्यातला एकही रीमेक नाही. जुनी पात्रं रीतसर परवान्याने घेऊन केलेले ते नवे गेम आहेत. कासवांचाच खरा रीमेकही झाला होता. १९९१चा पार्लरमधला ‘टर्टल्स इन टाइम’ युबीसॉफ्टने २००९ मध्ये नवी थ्रीडी चित्रं चढवून काढला. टप्पे तेच, खेळ तोच. तुमची कल्पना जवळजवळ तीच आहे : ‘तीच माणसं, तेच डायनासोर, चित्रं आजची.’ बरे-वाईट असे संमिश्र शेरे मिळाले, आणि दोन वर्षांत परवाना संपल्यावर तो विक्रीतून गेला. कासवं तीच, आठवणी त्याच. फरक एवढाच, की ‘श्रेडर्स रिव्हेंज’ करणाऱ्या माँट्रियलच्या ट्रिब्यूट गेम्सने आधी दहा वर्षं जुन्या धाटणीचे छोटे गेम करून हात बसवला होता, आणि खेळणाऱ्यांना सहा जणांनी एकत्र धुमाकूळ घालायची सोय दिली. आठवण दाखवून गिऱ्हाईक दुकानापर्यंत येतं. पैसे काढतं ते आज रात्री मित्रांबरोबर काय खेळता येईल, यासाठी.

हेलसिंकीची गोष्ट मात्र तुमच्या बैठकीत कुणी काढली नसणार. तिथली हाउसमार्क ही कंपनी १९९५ पासूनची. पार्लरच्या खेळातली नशा नव्या मशीनवर उतरवण्यात त्यांचा हात धरणारं क्वचितच कुणी असेल. २०१३चा त्यांचा ‘रेसोगन’ म्हणजे १९८१च्या ‘डिफेंडर’ला केलेला नमस्कार. मग त्यांनी ‘डिफेंडर’ आणि ‘रोबोट्रॉन’ ज्याने घडवले त्या यूजीन जार्विसलाच सोबत घेतलं. म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार करायला मूळ शिल्पकारच हजर! २०१७च्या जूनमध्ये ‘नेक्स मशिना’ आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. लोकांनी विकत घेतला नाही. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने जाहीर पत्र लिहिलं. त्याचा मथळाच होता, ‘आर्केड इज डेड’, म्हणजे पार्लरचा खेळ संपला. या गेमवर पोट चालत नाही, आम्ही वाट बदलतोय, असा त्याचा मतलब. बदलली आणि २०२१ मध्ये ‘रिटर्नल’ काढला. अंगावर येणाऱ्या गोळ्यांचा तोच पाऊस, पण तासन्‌तास चालणाऱ्या मोठ्या कथेच्या गेममध्ये मुरवलेला. दोनच महिन्यांनी सोनीने कंपनी विकत घेतली.

मी हे दोनदा वाचलं, कारण माझ्या धंद्यात अशी स्वच्छ नोंद सहसा मिळत नाही. एरवी धंदा बुडाला की कारणांची रांग लागते : माल हलका होता, मालक नवखा होता, नाव कुणाला माहीत नव्हतं. इथे माल अव्वल, कारागीर अव्वल, मूळ पुरुष सोबत. तरी नाही. मग चूक कुठे होती?

माझ्या मते ती चूक त्या मशीनच्या पोटात आहे. पार्लरवाला तुम्हाला गेम विकत नव्हता, मिनिटं विकत होता. मुस्तफाची दोन्ही बटणं एकदम दाबली की जोरदार फिरकी बसायची, आणि त्याबरोबर तुमचीच लाइफ कमी व्हायची, आठवतं? ती नुसती गंमत नव्हती, मीटर होतं. गर्दीत सापडलेल्या पोराला सुटका हवी, सुटकेला लाइफ लागते, लाइफला कॉइन लागतं. अख्खा गेम असा बेतलेला, की कच्चा खेळाडू काही मिनिटांत उठावा आणि मागच्याने कॉइन टाकावं. हा गेम घरी आणला आणि कॉइन फुकट केलं, की नवशिक्यासुद्धा तासाभरात शेवटच्या बॉसपर्यंत जातो. ज्यावर मशीन कमवायचं ती टंचाईच संपली. आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात नियम असा, की दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. गिऱ्हाईक तुमचा मुस्तफा संपवेल, शिटी वाजवत पैसे परत घेईल, आणि नियमात बसेल.

हे ज्यांना कळलं त्यांनी वेगळा विचार केला. ‘पॅकमॅन’चा जनक तोरू इवातानी याने २००७ मध्ये ‘चॅम्पियनशिप एडिशन’ केली तेव्हा गेमला घड्याळ लावलं. पाच मिनिटं; तेवढ्यात किती गुण काढता ते बघू. फळ खाल्लं की चक्रव्यूह बदलतो. म्हणजे त्याने मिनिटंच विकली, पण ‘अजून एकदा’ असं म्हणावंसं वाटेल अशी. अटारीने २०२० पासून ‘रीचार्ज्ड’ नावाने ‘मिसाइल कमांड’, ‘सेंटिपीड’, ‘ॲस्टरॉइड्स’ वगैरे काढले, ते छोटे आणि स्वस्त. हक्क घरचेच, त्यामुळे परवान्याचं भाडं नाही. असे गेम थोड्या विक्रीतही भागवू शकतात. तुम्हाला ती सोय नाही.

आता तुमची वही. ३५ लाखांत तिघांच्या पगाराची ओळच नाही! दीड वर्ष नोकरी सोडणार तो खर्च नाही का? सरासरी ८० हजार महिना धरला (तुमचा जास्तच असेल) तरी तिघांचे अठरा महिन्यांचे ४३ लाख २० हजार. म्हणजे गेमची खरी किंमत ७८ लाख २० हजार. गेम आठशे रुपयांना लावलात, तरी सेलमधल्या सवलती आणि निरनिराळ्या देशांतल्या कमी किमती धरून सरासरी पाचशे हाती लागतील असं समजू. त्यातून कर आणि परतावे वजा जाता ४२०. स्टीम ३० टक्के ठेवून घेतं, उरले २९४. मूळ मालकाला त्यातले बारा टक्के द्यायचे ठरले तर राहिले जेमतेम २६०. यावर तुमचा आयकर वेगळा. नुसते ३५ लाख वसूल व्हायला साडेतेरा हजार प्रती लागतात, खरा खर्च वसूल व्हायला तीस हजारांच्या वर. हे माझे अंदाज आहेत, तुमचे घालून पुन्हा करा. पण प्रत्येक ओळीत स्वतःला झुकतं माप न देता करा.

आणि मग वहिनींचा प्रश्न येतो. हे तीस हजार लोक कोण? आपल्या पिढीतल्या पोरांनी मुस्तफावर जीव टाकला, पण पार्लर बंद पडल्यावर त्यांनी काय केलं? सायबर कॅफेत, मग घरच्या पीसीवर, मग मोबाइलवर चोरून तोच गेम फुकट खेळला. तुमच्याही फोनवर असेल, खरं सांगा. ज्याची चटक फुकट भागते त्याला आठशे रुपये मागायचे, तर त्याला फुकटात मिळत नाही असं काहीतरी हातात ठेवावं लागेल. नवी चित्रं त्याला पुरत नाहीत. उलट तो म्हणेल, ‘जुनाच बरा होता.’ माझा दादा तर नक्की म्हणेल.

‘पुण्यात बसून हे जमणारच नाही’ असं मात्र मी म्हणत नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीला २०२१ मध्ये पॅकमॅनची मालक बांदाई नामकोने पॅकमॅनचा मोबाइल गेम चालवायला दिला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. पण का दिला? हजारो लोक एका वेळी खेळतात ते सांभाळणारी यंत्रणा त्यांनी आपल्या गेमवर आधी उभी केली होती. जुन्या नावाचा मालक तुमचं प्रेम बघत नाही, आधी काय चालवून दाखवलंत ते बघतो.

मग करायचं काय? मुस्तफाकडून जे घेता येतं ते घ्या. मारामारीचा घाट, डावीकडून उजवीकडे सरकणारा रस्ता, चार वेगळ्या तब्येतीचे खेळाडू, ठोसा बसल्यावर क्षणभर थबकणारं चित्र : यावर कुणाची मालकी नाही. खुद्द कॅपकॉमने १९९३ मध्ये आपल्या ‘स्ट्रीट फायटर’ची नक्कल केली म्हणून डेटा ईस्ट या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, आणि पुढच्या वर्षी कोर्टाने तिच्या गेमची विक्री थांबवायला नकार दिला, कारण साम्य होतं ते बहुतेक कुणीही वापरावं अशाच गोष्टींत. याचा अर्थ रान मोकळं असा नव्हे. २०१२ मध्ये ‘टेट्रिस’ची हुबेहूब छबी उतरवणाऱ्याला अमेरिकेतल्याच एका कोर्टाने दोषी धरलं. घाट घ्या, चेहरे घेऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ मी वर छापली नाही, जागा नव्हती. मशीन अडकलं की पार्लरवाला काका त्याच्या कुशीत एक लाथ घालायचा आणि ते चालू व्हायचं, ही ती ओळ. डायनासोरपेक्षा मला तो काका बघायला आवडेल. तो कुणाच्या परवान्यात अडकलेला नाही.

तीन महिने, शनिवार-रविवार, एकच टप्पा. तिघांत मिळून खर्चाची कमाल मर्यादा ४ लाख, तुमचे त्यात २. स्टीमवर पान उघडायला १०० डॉलर लागतात. त्या टप्प्याचा डेमो टाका, त्यांच्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या जत्रेत लावा, आणि किती अनोळखी लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकतात ते मोजा. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप मोजायचा नाही. हजारभर परकी माणसंही जमली नाहीत, तर थांबा. दोन लाख गेले म्हणा आणि दिवाळीला पुन्हा भेटा. जमली, तर तो डेमो आणि तो आकडा घेऊन एखाद्या प्रकाशकाकडे जा आणि त्याच्या पैशाने पुढचं करा.

राहिलेल्या अठरा लाखांतले सोळा कर्जात भरून टाका. दर फ्लोटिंग असेल तर वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर बँकेला दंड लावता येत नाही. उरलेले दोन घरात अडीअडचणीला ठेवा.

डेमोची पहिली ओळ लिहिण्याआधी दोन कागद बघा. एक, तुमचं नेमणूकपत्र. नोकरीत असताना केलेल्या कामावर कंपनीचा हक्क, असं कलम आयटीत बऱ्याचदा असतं. आधी लेखी परवानगी घ्या. दोन, तुमच्या तिघांमधला करार. सहाव्या महिन्यात ॲनिमेशनवाला बाहेर पडला तर चित्रं कुणाची, हे स्टँप पेपरवर आजच लिहा. शाळेपासूनची मैत्री आहे म्हणूनच लिहा.

डेमो झाला की माझ्याकडे पाठवा. मला खेळता येत नाही, पण दादा हल्ली घरीच असतो, आणि या वेळी त्याला उठवायला कुणी येणार नाही.